कमला सोहोनी: सत्याग्रहाची गोष्ट ऐकली, आता त्यांच्या कामाबद्दल बोलूया

कोरांटी

नमस्कार मंडळी,

२०२३ च्या १८ जूनला गूगलनं डूडल काढलं, तेव्हापासून कमला सोहोनी हे नाव दर जूनमध्ये व्हॉट्सॲपवर फिरतं. मजकूर ठरलेला. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली मुलगी, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची आयआयएससी) अर्ज, तिथले संचालक सर सी. व्ही. रामन यांचा नकार, तिचा सत्याग्रह, रामन यांची माघार. मग एकदम 'विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' आणि खाली हात जोडल्याच्या चार इमोजी. मधली पन्नास-साठ वर्षं गायब! बाई बायोकेमिस्ट होत्या, पण त्यांनी टेस्ट ट्यूबमध्ये नेमकं काय केलं हे विचारलं तर 'काहीतरी बटाट्यावर' यापलीकडे गाडी जात नाही. म्हणून हा धागा.

चरित्राचा भाग पटकन उरकते. जन्म १९११, इंदूर. माहेरच्या भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या त्याच संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. थोरली बहीण म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवत. १९३३ मध्ये रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम विषय घेऊन बी.एस्सी., विद्यापीठात पहिल्या. मग ते बंगलोर प्रकरण. प्रवेश मिळाला, पण अटींवर: वर्षभर उमेदवारी, नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव नाही, संचालकांना पसंत पडेपर्यंत कामाला मान्यता नाही, आणि संस्थेतलं वातावरण बिघडवायचं नाही! (या शेवटच्या अटीचं पालन मोजायचं कसं, हे रामन यांनी सांगितल्याचं कुठे वाचनात नाही.)

तिथे त्यांना श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे मार्गदर्शक मिळाले. विषय होता दूध आणि डाळी-कडधान्यांमधली प्रथिनं. वर्षभरानं रामन यांनी काम पाहिलं आणि नियमित संशोधनाला परवानगी दिली. १९३६ मध्ये एम.एस्सी., १९३७ मध्ये केंब्रिज.

आता माझा मुद्दा. बंगलोरला दूध आणि डाळी, पुढे कुन्नूरला जीवनसत्त्वं, मुंबईला वाल, डबल बी, नीरा, आरेचं दूध आणि उतारवयात ग्राहकांसाठी भेसळीवर लिखाण. ही ओळ नीट पाहिली तर बाई चाळीस-पन्नास वर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरत होत्या असं मला वाटतं: गरीब माणसाच्या ताटात जे येतं, त्यातलं त्याच्या अंगी किती लागतं? केंब्रिजचं काम यात बसत नाही असं वरकरणी दिसतं, पण त्यावर या विषयातल्या कुणी लिहिलं तर बरं. रेडॉक्स, दिसताय का?

---

नवा_गडी

मस्त धागा. दुर्गाबाईंची बहीण हे माहीतच नव्हतं! पण एक शंका. पहिली भारतीय स्त्री पीएच.डी. म्हणजे जानकी अम्मल यांचं काय? त्यांना मिशिगनची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती ना?

---

कोरांटी

बरोबर. जानकी अम्मल वनस्पतिशास्त्रातल्या, मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी., १९३१. कमलाबाईंची केंब्रिजची पीएच.डी. १९३९ ची. असीमा चॅटर्जींची कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. १९४४ ची, ती भारतीय विद्यापीठाकडून. तेव्हा 'पहिली' हा शब्द वापरायचा तर 'पीएच.डी.' या तीन अक्षरांना धरूनच वापरावा लागतो. मला विचाराल तर 'पहिली'ची ही हौस सोडून द्यावी. मंडईत पहिला आंबा कुणी आणला यावर आंब्याची चव ठरत नाही.

---

खडूस_काका

लेख चांगला आहे, पण रामन यांना खलनायक करायची फॅशन झाली आहे. १९३३ साल आहे हे विसरू नका. रामन नुकतेच संचालक झालेले, त्या पदावरचे पहिले भारतीय. युरोपियन प्राध्यापकांशी त्यांचं रोजचं वाजत होतं. शिवाय वर्षभरानं काम पाहून मत बदललं, पुढे मुलींना प्रवेश दिला, हे मोठेपण नाही का? भौतिकशास्त्रज्ञ ॲना मणी त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या.

---

कोरांटी

काका, मोठेपण कुणी नाकारलेलं नाही. पण स्वतः कमलाबाईंचं मत काय होतं तेही नोंदवायला हवं. म्हातारपणी त्यांचा सत्कार झाला तेव्हाही त्यांनी हे बोलून दाखवलं: रामन मोठे शास्त्रज्ञ होते, पण मनानं कोते होते, आणि केवळ बाई म्हणून जी वागणूक मिळाली ती आपण विसरू शकत नाही. साठ वर्षांनी सुद्धा ज्याचं ठसठसणं गेलं नाही, त्याला 'तो काळच तसा होता' म्हणून आपण मलम लावायचं कशाला?

आणि ॲना मणींचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी भरपूर काम केलं, शोधनिबंध छापले, प्रबंधही दिला. मद्रास विद्यापीठानं एम.एस्सी. नाही या कारणावरून डॉक्टरेट नाकारली. रामन यांचा त्यात दोष नाही, मान्य. पण 'मुलींना दार उघडलं' म्हणताना आत गेल्यावर काय वाट्याला आलं तेही पाहावं.

---

संपादक_मंडळ

धाग्याचा विषय रामन नसून कमला सोहोनी आहेत. रामन यांच्यासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

---

खडूस_काका

काढतो. आणि तिथे कुणी फिरकणार नाही, हेही माहीत आहे.

---

रेडॉक्स

दिसतोय, दिसतोय. पेपर तपासण्यात बुडालो होतो.

केंब्रिजबद्दल सांगतो, जरा पाल्हाळ होईल. कमलाबाई तिथे फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या विभागात गेल्या. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चं नोबेल आइकमान यांच्यासोबत विभागून मिळालेले ते हॉपकिन्स. प्रयोगशाळेत जागा नव्हती. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल देऊ केलं, दिवसा कमलाबाईंनी वापरायचं. रात्री त्याच टेबलावर तो झोपायचा म्हणे. बंगलोरमधल्या त्या चार अटींच्या शेजारी हे टेबल ठेवून बघा.

रिक्टरबरोबर त्यांचं काम ॲड्रिनलीनसारख्या रेणूंचं ऑक्सिडेशन करणाऱ्या विकरांवर (एन्झाइम्सवर) होतं. १९३९ च्या 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये अमाइन ऑक्सिडेजवर एक निबंध आहे, लेखक तीन: भागवत, ब्लाश्को, रिक्टर. हेच विकर पुढे मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणून प्रसिद्ध झालं आणि १९५० च्या दशकात त्याला अडवणारी औषधं ही नैराश्यावरची अगदी पहिल्या फळीतली औषधं ठरली. हे काम फॉरवर्डमध्ये कुठेच नसतं!

मग रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करू लागल्या. इथे तो बटाटा येतो.

बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, हे आपण रोज बघतो. पेशी फुटतात, आतले फिनॉल आणि फिनोलेज हे विकर एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग बदलतो. त्या काळी एक मत असं होतं की बटाट्याच्या पेशींचा श्वासोच्छ्वास, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणं, या फिनोलेजवरच चालत असावं. प्राण्यांमध्ये आणि यीस्टमध्ये सायटोक्रोमची साखळी असते हे डेव्हिड कैलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ पासून दाखवलं होतं. प्रश्न हा होता की झाडं या बाबतीत वेगळी आहेत का.

वेगळी नाहीत. बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं आणि ऑक्सिडेशनमध्ये भाग घेतं, हे कमलाबाईंच्या कामातून पुढे आलं. १९३९ मध्ये हिल आणि भागवत यांचं टिपण 'नेचर'मध्ये आलं, सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर. सायटोक्रोम सी हे लहानसं प्रथिन, पोटात लोहाचा एक अणू. ते लोह एक इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्या विकराला, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेजला, देतं, पुन्हा रिकामं होतं, पुन्हा घेतं. साखळीच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो, त्याचं पाणी होतं. तुमच्या स्नायूत हेच, बटाट्यात हेच, पिंपळात हेच. मला तरी यात अंगावर काटा येण्यासारखं काहीतरी वाटतं.

प्रबंध चौदा महिन्यांत तयार, आणि पानं चाळीस. माझे विद्यार्थी आभारप्रदर्शनालाच चार पानं घेतात.

---

नवा_गडी

चाळीस पानं!! आमच्याकडे जाडी बघून मार्क देतात.

पण मी हे पेपर शोधायला गेलो तर सोहोनी नावानं काहीच सापडलं नाही.

---

रेडॉक्स

सापडणार कसे? लग्न १९४७ मध्ये, तेव्हा केंब्रिजचं सगळं 'के. भागवत' नावानं आहे. त्यातली आणखी एक गंमत. हिल यांच्याबरोबरच्या कामाचा सविस्तर निबंध 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये १९५१ साली छापून आला, तोही भागवत नावानं. तोवर त्या मुंबईत सोहोनी नावानं प्राध्यापक होत्या. त्यामुळे कुठल्याही डेटाबेसमध्ये या एका बाईच्या दोन बाया होतात, आणि दोघींचं काम अर्धं अर्धं दिसतं.

---

दूरदेशी

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये आहे, केंब्रिजपासून फार लांब नाही. एक गोष्ट इथल्यांनाही ठाऊक नसते. कमलाबाई न्यूनम कॉलेजच्या. १९३९ मध्ये त्यांना जी पीएच.डी. मिळाली ती केंब्रिजच्या त्या वेळच्या नियमांनी फक्त नावापुरती. बायकांना पदवीचा किताब लावता येई, पण विद्यापीठाचं सभासदत्व नाही, मत नाही. पूर्ण पदव्या केंब्रिजनं बायकांना द्यायला सुरुवात केली ती १९४८ मध्ये. ऑक्सफर्डनं १९२० मध्येच दिल्या होत्या, केंब्रिजचे गडी अडून बसले होते. म्हणजे भारत आधी स्वतंत्र झाला आणि केंब्रिजच्या बायका मागून!

तेव्हा 'बंगलोर मागास आणि केंब्रिज पुढारलेलं' असा सोपा हिशोब करू नये. पुढारलेला होता तो हॉपकिन्स यांचा विभाग. मार्जरी स्टीफन्सन, डोरोथी नीडम तिथल्याच. स्टीफन्सन १९४५ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या, बायकांच्या पहिल्या जोडीतल्या एक. तो माणूस बाई-पुरुष न बघता कामाला घ्यायचा.

---

खडूस_काका

दूरदेशी, वा! हे माहीत नव्हतं. म्हणजे रामन एकटेच नव्हते. (संपादक, हे शेवटचं.)

---

अलिबागची

मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, पण वर 'वाल' हा शब्द दिसला म्हणून आले. वालावर काय संशोधन केलं त्यांनी? आमच्याकडे वाल म्हणजे जीव की प्राण.

---

रेडॉक्स

अलिबागकरांच्या तोंडून हा प्रश्न यायलाच हवा होता.

आपण प्रथिनं खाल्ली की स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचं विकर येतं आणि त्यांचे तुकडे करतं. आता कडधान्याचा दाणा म्हणजे झाडाचं पुढच्या पिढीसाठी साठवलेलं धन. कुणी कीडामुंगी, उंदीरघुशीनं खाऊन पचवू नये म्हणून झाडानं आत कुलूप घातलेलं असतं: ट्रिप्सिनला घट्ट धरून निकामी करणारी प्रथिनं. कच्चा सोयाबीन खाऊन उंदीर नीट वाढत नाहीत आणि शिजवून दिला की वाढतात, हे अमेरिकेत १९१७ मध्येच दिसलं होतं. १९४५ च्या सुमारास कुनिट्झ यांनी सोयाबीनमधलं हे कुलूप स्फटिकरूपात वेगळं काढलं.

पण सोयाबीन आपण तेव्हा कुठे खात होतो? कमलाबाई १९४९ मध्ये मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्यानं निघालेल्या जीवरसायन विभागात प्राध्यापक म्हणून आल्या आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून हाच प्रश्न आपल्या बाजारातल्या धान्यांना विचारायला लागल्या. १९५५ च्या 'नेचर'मध्ये सोहोनी आणि अंबे यांचं टिपण आहे: वाल आणि डबल बी यांतले ट्रिप्सिन अडवणारे पदार्थ स्फटिकरूपात मिळवल्याचं. दोन्ही आपल्या वाण्याकडे गोणीत असतात. स्फटिक मिळणं म्हणजे त्या काळात शुद्धतेचा सर्वात मोठा दाखला. सम्नर यांनी १९२६ मध्ये पहिल्यांदा एखाद्या विकराचे स्फटिक मिळवले आणि त्यावर पुढे नोबेल मिळालं, तेही एका शेंगेतूनच, आपल्या अबईच्या जातकुळीतल्या.

विचार करा, १९५० ची मुंबई, प्रयोगशाळेत परदेशी रसायनं मिळायची मारामार, परकीय चलनाचा तुटवडा, आणि ही माणसं वालाच्या पिठातून स्फटिक काढताहेत.

---

अलिबागची

म्हणजे आमच्या आज्या उगाच नव्हत्या सांगत, कच्चकच्च वाल खाऊ नकोस, पोट दुखेल म्हणून!

आमच्याकडची पद्धत सांगते, मग तुम्ही सांगा शास्त्रात बसते का. वाल रात्रभर भिजत. सकाळी पाणी उपसून टाकायचं, ते वापरायचं नाही. फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे, थंडीत जास्त वेळ लागतो. मोड चांगला बोटाच्या पेरापर्यंत आला की कोमट पाण्यात टाकायचे म्हणजे सालं सुटतात. मग घरातल्या सगळ्यांना बसवून सोलायच्या. डाळिंब्या मोडू द्यायच्या नाहीत. फोडणीत हिंग, हळद घालून वर झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर वाफ काढायची, गूळ-आमसूल दाणा मऊ झाल्यावरच, आधी घातलं तर दाणा शिजत नाही. वरून ओलं खोबरं. काहीजणी नारळाचं दूध घालतात.

---

रेडॉक्स

बसते, जवळजवळ सगळी. कुलूप मोडायला सगळ्यात उपयोगी पडते ती ओली उष्णता, म्हणजे पाण्यात किंवा वाफेवर नीट शिजवणं. कोरडं भाजून तेवढं साधत नाही. आधी भिजवलेलं असेल तर उष्णता दाण्याच्या आतपर्यंत लवकर पोचते. मोड आणल्यानं काही प्रमाणात कमी होतं, पण फक्त मोड आणले म्हणजे झालं असं नाही, तेव्हा वालाचे मोड कच्चे सॅलडमध्ये टाकणाऱ्या फिटनेसवाल्यांनी जपून.

भिजवलेलं पाणी टाकायचं, हे तर फारच शहाणपणाचं. डबल बीच्या कुळातल्या काही जातींत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, भिजवून पाणी फेकलं आणि उघड्या भांड्यात उकळलं की ती बरीच निघून जातात. आता गंमत बघा: सायनाइड माणसाला मारतं ते कुठे बोट ठेवून? सायटोक्रोम ऑक्सिडेजवर! केंब्रिजमध्ये बटाट्यात ज्या विकरावर बाईंनी काम केलं, तेच. कोरांटीताईंनी विचारलं होतं ना, केंब्रिजचं काम बाकीच्यात कुठे बसतं? डबल बीच्या दाण्यात बसतं.

---

कोरांटी

रेडॉक्स, साष्टांग दंडवत. हा धागा काढल्याचं सार्थक झालं.

अजून दोन गोष्टी राहिल्या आहेत, त्या लिहिते. एक, केंब्रिजनंतर लगेच मुंबई नाही. १९३९ मध्ये त्या परत आल्या. त्यांना तिकडेच राहता आलं असतं, युद्ध सुरू होत होतं तरी प्रयोगशाळा ओळखीच्या होत्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख. तिथून कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत सहायक संचालक. हीच संस्था नंतर हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुन्नूरला जीवनसत्त्वांवर काम चांगलं चाललं होतं, पण पुढे बढतीची वाट दिसेना म्हणून राजीनामा. म्हणजे दार उघडं होतं, जिन्याला पायऱ्या नव्हत्या. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न, ते विमागणिती (ॲक्च्युअरी), आणि मुंबईत बिऱ्हाड.

दुसरी गोष्ट नीरेची. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवलं म्हणून त्यांनी नीरा हातात घेतली. ताडा-शिंदीला छेद देऊन रात्रभर मडक्यात जमलेला रस, तो पहाटे उतरवला आणि आंबू दिला नाही तर नीरा, उन्हं चढल्यावर ताडी. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. कमलाबाईंना नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात आढळलं, आणि नीरा आटवून ताडगूळ केला तरी त्यातलं बरंच टिकतं असं दिसलं. मग कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा देऊन पाहिलं, तब्येत लक्षात येण्याजोगी सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मला यातली निवड आवडते. महागडं टॉनिक नाही, परदेशी पावडर नाही, झाडावरून उतरवलेलं पेय, जे त्या लोकांच्या घरामागेच होतं.

तांदळाच्या पिठावर आणि इतर स्वस्त अन्नांवरही त्यांनी काम केलं. आरे दूध योजनेला दुधाची प्रत सुधारण्यासाठी सल्ला देत होत्या, तोही त्याच धाग्यातला.

---

जुनी_पाटी

कोरांटी, अगं किती छान लिहितेस. मी सत्तरच्या दशकात इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होते, विषय वेगळा. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीच्या आठवणी माझ्याकडे नाहीत. पण नाव भिंतींमध्ये मुरलेलं होतं. मादाम कामा रोडवरची ती दगडी इमारत, उंच छत, आणि पावसाळ्यात कुबट वास. त्या तिथे संचालक झाल्या, पण ते पद त्यांना सुखासुखी मिळालं नाही. हक्काचं असूनही चार वर्षं आतल्या राजकारणात अडकवून ठेवलं होतं. शेवटी नेमणूक झाली तेव्हा तो टेबल देणारा रिक्टर म्हणाला म्हणे, की एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेची पहिली महिला संचालक होऊन तिनं इतिहास घडवला.

बंगलोरमध्ये वर्षभर, मुंबईत चार वर्षं. आता मला सांगा, कोणता काळ जास्त पुढारलेला?

---

खडूस_काका

जुनीताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. स्वातंत्र्यानंतरचं, आपल्याच लोकांचं, आणि नोबेलविजेताही नाही ज्याच्यामागे लपता येईल.

---

दूरदेशी

ग्राहक चळवळीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून?

---

जुनी_पाटी

तेच लिहायला बसले होते. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. देशात ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, म्हणजे या बायका वीस वर्षं आधी वाण्याची तागडी तपासत होत्या. कमलाबाई त्यात सक्रिय होत्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्ष. संस्थेचं 'कीमत' नावाचं मासिक होतं, त्यात त्या लिहायच्या, ग्राहकांच्या सुरक्षिततेवर.

त्या वेळी घराघरात चर्चा असायची: तूरडाळीत लाखी डाळ, हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग, मिरीत पपईच्या बिया, दुधात पाणी तर गृहीतच. निवृत्त झाल्यावर केंब्रिजची डॉक्टर बाई परिषदांमध्ये शाली घेत फिरू शकली असती. ती डाळीतली भेसळ बघत होती.

---

नवा_गडी

आणि शेवट? व्हॉट्सॲपवर वाचलं की सत्कार चालू असताना स्टेजवरच गेल्या. खरं का?

---

कोरांटी

बरंचसं खरं. १९९८ ची गोष्ट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना कमलाबाई अजून आहेत आणि त्यांचा कुणी फारसा गौरव केलेला नाही हे कळलं, तेव्हा त्यांनी आग्रहानं दिल्लीला बोलावून सत्कार ठेवला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ ला गेल्या. वय ८७. मला या प्रसंगाचं फार भांडवल करावंसं वाटत नाही, सिनेमासारखा आहे म्हणून लोक तेवढाच लक्षात ठेवतात. आधीच्या टोकाला रामन आणि नंतरच्या टोकाला हा समारंभ, मधले वाल कुणी सोलायचे?

---

अलिबागची

आम्ही सोलतो गं. 😄

---

खडूस_काका

एक प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. ते हळदीतलं मेटॅनिल यलो घरी ओळखता येतं का? आमच्या कोपऱ्यावरच्या सुट्या हळदीचा रंग मला फारच उजळ वाटतो.

---

रेडॉक्स

येतं, पण सांभाळून. काचेच्या छोट्या नळीत किंवा पेल्यात चिमूटभर हळद, थोडं पाणी घालून हलवा. त्यात संहत हायड्रोक्लोरिक ॲसिडचे काही थेंब. रंग लगेच गुलाबी-जांभळट होईल, घाबरू नका, शुद्ध हळदही ॲसिडमध्ये तशीच होते. आता भरपूर पाणी ओता. रंग निघून गेला तर हळद बरी. पाणी घालूनही गुलाबी राहिलाच, तर रंग मिसळलेला आहे. बाथरूमच्या ॲसिडच्या बाटलीनं करू नका, त्यात काय काय असतं कुणास ठाऊक, आणि वाफ नाकात जाते. ओळखीच्या शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये मास्तरांना सांगितलंत तर दोन मिनिटांत करून देतील. लाखी डाळीला तर डोळेच पुरतात: दाणा पाचरीसारखा, एका बाजूनं उतरता, तूरडाळ गोलसर.

---

खडूस_काका

धन्यवाद. नातू अकरावी सायन्सला आहे, त्याच्याबरोबर पुडी पाठवतो. त्याच्या वर्गशिक्षिकेला कमला सोहोनी माहीत आहेत का तेही विचारायला सांगतो.

---

कोरांटी

काका, निकाल इथेच लिहा.

आणि मुंबईकरांनो, कुणाच्या घरी 'कीमत'चे जुने अंक असतील तर कळवा. त्यातले कमलाबाईंचे लेख एकत्र कुठे आहेत का ते शोधतेय. स्कॅन करण्याची तयारी माझी, चहा तुमचा.

---

जुनी_पाटी

माझ्या एका मैत्रिणीच्या माळ्यावर जुनी मासिकं आहेत, ती त्या संस्थेची सभासद होती. गणपतीत तिच्याकडे जाणार आहे तेव्हा बघते. वाळवीनं काय ठेवलंय ते आधी कळू दे.